पाल्याखालची हळद

"एसटीच्या शिटाखाली कुनाची तरी मेथीची पेंढी राहिली व्हती. दिसभराच्या उन्हानं शिजली. तिचा वास."

"जवळा बाजार गावचा आठवडी बाजार उठल्यावरचा रस्ता. चेंगरलेली कोथिंबीर, बैलाचं शेण, आन् त्यात कुनीतरी प्लास्टिक पेटवून दिलेलं."

"विहारातल्या मेणबत्त्या वंदनेनंतर विझवल्या, की वातीतून निघतो तो."

अशा नोंदी रोज माझ्या मोबाइलवर येतात. काही जण त्या लिहितात. बरेच जण नुसते बोलून पाठवतात, कारण कापूस वेचून चिरलेल्या बोटांनी अक्षरे दाबण्यापेक्षा बोलणे सोपे असते. त्या आवाजांच्या मागे कोंबडा आरवतो, विहिरीवरची मोटार घरघरते, एखादे लेकरू आईचा पदर ओढत असल्याचे कळते. हिंगोली जिल्ह्यातल्या दोनशेच्या आसपास माणसांचा हा ग्रुप आहे. त्याचे नाव 'आजचा वास', आणि त्याचे काम एकच: आज आपल्या नाकाला जे भेटले, ते शब्दांत सांगायचे. फोटो चालत नाहीत. दुसरीकडून आलेला मजकूर पुढे ढकललेला चालत नाही. नोंद आजची हवी आणि स्वतःच्या नाकाची हवी. नियम एवढाच.

हा नियम मी केला. ग्रुप मी काढला, आणि तो चालू होऊन आता तीन वर्षे होतील. त्यातला बहुतेक काळ मी या माणसांपासून एक गोष्ट लपवून ठेवली होती. मला वास येत नाही. आज ना उद्या हे कुणाच्या तरी लक्षात येईल आणि माझ्या हातचा हा ग्रुप विस्कटेल, ही धास्ती मी प्रत्येक नोंद वाचताना बाळगली. ग्रुप गेला असता तर माझ्यापाशी वासाचे काहीच उरले नसते, कारण तोवर जगातले सगळे वास मला याच माणसांच्या तोंडून येत होते.

वास गेला तो एका तापात. ताप आठवड्यात उतरला. तोंडाला चव हळूहळू परतली, तीही अर्धीमुर्धी. नाक मात्र मुके राहिले. डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित, वाट पाहा. मी हिंगोलीच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. आयुष्याची वीस वर्षे कविता वाचण्यात आणि वाचून दाखवण्यात गेली. कवितेने मला एक सवय लावली होती: वस्तूचे नाव घेण्याआधी तिच्याजवळ थोडे थांबायचे. आता मी थांबत होते आणि समोरून काहीच येत नव्हते. दूध उतू जाऊन करपले तरी कळत नसे. शेजारीण खिडकीतून ओरडायची, मग मी गॅसकडे धावायची.

सासूबाईंनी यातून एक सोय काढली. देवाचे फूल हुंगायचे नाही, हुंगलेले फूल उष्टे होते, ही आमच्याकडची रीत. मोगरा तोडताना श्वास रोखून धरायचा, आणि तो कधीच पुरता रोखला जात नाही, हे तोडणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक असते. तापानंतर महिनाभराने सासूबाईंनी परडी माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "आता देवाची फुलं तूच तोडत जाय. तुझ्या हातनं एक बी फूल उष्टं व्हायचं न्हाई." त्या हसल्या, मीही हसले. मग अंगणात जाऊन ओंजळभर मोगरा मी नाकाशी धरला. पाकळ्यांचा गारवा तेवढा लागला. ती फुले मी तशीच परडीत टाकली. देवाला त्यांचे काही वाटले असेल, असे मला वाटत नाही.

ग्रुपची सुरुवात शिक्षकांच्या खोलीत झाली. मधल्या सुट्टीत माझ्या एका सहकारी बाईंनी डबा उघडला आणि मी सहज विचारले, "कसला वास येतोय?"

"मेथीचा."

"तो कळला. पण कसा?"

त्यांनी माझ्याकडे चमकून पाहिले. मग डोळे मिटले, आणि एक क्षण खोलीतला गलका बाजूला सारल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. "ओल्या सुंभासारखा," त्या म्हणाल्या, "आणि शेवटाला जरा कडू."

ओले सुंभ. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा मला मेथी आली. नाकात आली नाही, पण कुठेतरी आली. त्या आठवड्यात मी ग्रुप काढला. सुरुवातीला अकरा जण होते: चार सहकारी, काही विद्यार्थ्यांच्या आया, आणि एका विद्यार्थिनीचे वडील, ज्यांचा कनेरगाव नाक्याला धाबा आहे. वासासारखी हलकी वस्तू शब्दांत पकडण्याचा हा सराव आहे, असे मी सर्वांना सांगितले. ते खोटे नव्हते. पुरते खरेही नव्हते.

धाबेवाल्या भाऊंची पहिली नोंद एका शब्दाची होती: "लसणाचा." मी विचारले, कसा? त्यांचे उत्तर तत्काळ आले, "लसणाचा लसणासारखा येतो मॅडम. अजून कसा यील?" मला वाटले, हा गृहस्थ काही टिकत नाही. चार दिवसांनी त्यांचा आवाज आला, मागे तव्यावर उलथण्याची खणखण: "ट्रक थांबला की आधी टायरचा वास येतो, मंग मानसाचा. टायर मानसाच्या आधी धाब्यात शिरतं. ह्ये मला वीस वरसात म्हाईत नव्हतं." ते वाक्य मी वर्गात फळ्यावर लिहिले.

ग्रुप चालवणे म्हणजे बहुतेक वेळा निंदणीच असते. सणासुदीला शुभेच्छांचे तण माजायचे, देवांची चित्रे यायची, दव पडलेले गुलाब यायचे. त्या कामी मला एक राखणदार आपोआप मिळाला. निवृत्त ग्रामसेवक, वृत्तीने करडे. गुलाबाचे चित्र आले की दोन मिनिटांत ते त्याखाली लिहीत: "या गुलाबाला वास नाही. काढून टाका." माणसे मुकाट काढून टाकत. मला नियम करता येतो, पण राखता येत नाही. तो त्यांनी राखला.

पहिले सात-आठ महिने मी स्वतः काहीच लिहिले नाही. मी विचारत असे: "धूर गोड होता की आंबट?" "ओली माती म्हणजे विहिरीची की वाफ्याची?" आणि माणसे पुन्हा त्या जागी जाऊन हुंगून येत, इतकी ती भली होती. मग एके दिवशी धाबेवाल्या भाऊंनी सर्वांसमक्ष टोकले: "अ‍ॅडमिन मॅडम सगळ्यांच्या नाकाची चौकशी करतेत, पर सोताच्या नाकाचं काहून सांगत न्हाईत? नाक बँकेत ठेवलं का?"

सगळे हसले. त्याच संध्याकाळी मी पहिली खोटी नोंद केली. हुरड्याची. गोवऱ्यांची आगटी, करपलेली कुसळे, तळहातावर चोळलेल्या कणसाचा दुधाळ वास. सगळे लहानपणातून आणले होते, आणि शब्दांची मला ददात नव्हती. नोंदीखाली कौतुकाची रांग लागली. ग्रामसेवकांनी सहसा न वापरलेले शब्द लिहिले: "ही खरी नोंद." मोबाइल पालथा घालून मी कणीक मळायला घेतली, आणि ती नेहमीपेक्षा बराच वेळ मळली.

तेव्हाच सांगून टाकता आले असते. का सांगितले नाही, याचे चांगले कारण मला आजही देता येत नाही. रोज ज्या दारात पदर पसरून उभी राहत होते, त्या घराची मालकीण म्हणून मी मिरवत होते. अशा वेळी पदर दिसू नये एवढेच पाहिले जाते. पुढे आठवड्याला एक, अशा नोंदी मी करत राहिले. निंबाचा मोहर, सरकीची ढेप, शाळेतल्या नव्या वह्या, शेणाने सारवलेली ओसरी. ग्रुप वाढत गेला.

मागच्या दिवाळीत कुरुंद्याच्या एक बाई आल्या. घरची दोन एकर हळद, शिवाय वाफेवर हळद शिजवण्याचे यंत्र. हंगामात नवराबायको ते यंत्र घेऊन शिवारा-शिवारातून फिरतात. लिहायच्या भानगडीत त्या पडत नसत. त्यांचा आवाज यायचा, जाड आणि मोकळा, आणि तिसऱ्या वाक्याला त्या कुणाला तरी रागवत असायच्या: "अरे पाईप सोड ना बाबा... हां, तर मॅडम, काय सांगत व्हते."

माघ सरता सरता मी हळदीची नोंद केली. "आज वसमतच्या रस्त्यावर शिजत्या हळदीचा वास. कढईवर दडपलेल्या हळदीच्या पाल्याचा, त्यावरच्या ओल्या गोणपाटाचा, आणि त्या दोहोंखालून वर येणाऱ्या मातकट गोडव्याचा." लिहून झाल्यावर मला ती स्वतःलाही आवडली. मामाच्या शेतातली ती कढई मी सात वर्षांची असताना पाहिली होती. पाल्याच्या कडेने निघणारी वाफ, मामीच्या कपाळावरचा घाम, सगळे जागच्या जागी होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी, दोन तासिकांच्या मध्ये, कुरुंद्याच्या बाईंचा फोन आला. मी वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात उभी होते.

"मॅडम, काल तुमी कोन्या शिवारात गेल्ता?"

"वसमत रस्त्याला."

"तिथं कढई व्हती?"

"होती ना."

"आन् वर पाला?"

मी हो म्हणाले.

"मॅडम, राग नका येऊ देऊ. पर कढईवर पाला टाकून हळद शिजवायचं आमच्याकडं बंद पडून लई वरीस झाले. आता समदं वाफेवर. ड्रम, झाकन, पाईप. पाला तर काढनीच्या आधीच कापून टाकतेत. ह्यो वास आमच्या सासूच्या टायमाचा हाय."

मी वर्गाचे दार ओढून घेतले.

"मंग रातीच्याला पोरीकडून तुमचं मागचं समदं वाचून घेतलं. हुरडा झाला, सारवन झालं, ढेप झाली. बराबर हायेत, खोटं न्हाई काही. पर समदेच जुने. एकात बी आजचं काही न्हाई. काहून मॅडम?"

हजारो पाने वाचलेल्या माणसांनी त्या नोंदींची वाहवा केली होती. चूक सापडली ती रोज हळदीत उभ्या राहणाऱ्या बाईला. माझी आठवण कढईपाशी थांबली होती आणि शेते पुढे निघून गेली होती. व्हरांड्याच्या कठड्याला टेकून मी त्यांना सगळे सांगितले. ताप, मुके नाक, मेथी, ओले सुंभ. घंटा झाली तरी बोलत राहिले.

"घरी ठाव हाय?"

"हो."

"गुरुपवर?"

"नाही."

"बरं," त्या म्हणाल्या. "म्या न्हाई सांगनार. ते तुमचं तुमी बघा. पर बेस्तरवारी कुरुंद्याला या. घरचीच हळद हाय शिजवायला. वास न्हाई तर न्हाई, यंत्र तर बघशाल."

गुरुवारी मी रजा टाकून गेले. आवाजावरून मी त्यांना उंच कल्पिले होते. त्या माझ्या खांद्याला लागत होत्या. साडीवर पुरुषी सदरा, डोक्याला रुमाल, आणि मनगटापर्यंत हात पिवळे, नखांच्या मुळाशी तपकिरी. यंत्र शेताच्या बांधाला लावले होते. एका टोकाला भट्टीत लाकडे धडधडत होती, दुसऱ्या टोकाला हळकुंडांनी भरलेले लोखंडी ड्रम. झाकणांच्या फटीतून वाफ शीळ घालत होती. तिची ऊब चेहऱ्यावर ओल्या फडक्यासारखी बसत होती.

बाईंनी माझे मनगट धरून मला ड्रमपासून हातभर अंतरावर उभे केले. स्वतः शेजारी उभ्या राहिल्या आणि डोळे मिटून बोलू लागल्या.

"आत्ता माती. नुसती माती. उंदराच्या बिळावानी."

मग काही वेळ गेला.

"आता गोड व्हायलं. रताळं. उकडलेलं रताळं."

त्यांचे पती वाफेच्या चाकावर हात ठेवून त्यांच्याकडे पाहत होते. मी विचारले, "वेळ लावत नाही का?"

"घड्याळ त्यांच्याकडं हाय," बाई म्हणाल्या, "नाक माझ्याकडं."

"अन् मानसं म्हनतेत यंत्र माझं हाय," पती म्हणाले.

"थांबा," बाईंनी हात वर केला. "रताळं गेलं. आता औषध आलं. कापरावानी, पर ओला कापूर. नाकाच्या मुळाला लागतंय. झाली. सोडा."

चाक फिरले, झाकण उघडले, वाफेचा एक पांढरा डोंगर आमच्या अंगावरून गेला, आणि हळकुंडे ओल्या आवाजात जमिनीवर ओतली गेली. बाईंनी त्यातले एक उचलून माझ्या तळहातावर ठेवले आणि बाभळीची बारीक काडी दिली. काडी लोण्यात जावी तशी आरपार गेली. हळकुंड एखाद्या लेकराच्या मुठीसारखे गरम होते.

"आला का?"

"नाही."

त्यांनी मला एक पाऊल पुढे ओढले. "आता?"

"नाही."

"बरं. च्या घ्या."

यापेक्षा अधिक त्या काही बोलल्या नाहीत. येईल, धीर धरा, अमक्या काढ्याने येतो, यातले एकही वाक्य त्यांनी उच्चारले नाही. तीन वर्षांत मला मिळालेली ही सर्वांत मोठी दया होती. बांधावर बसून चहा पिताना त्यांनी फक्त एवढे सांगितले: "पहिल्यांदा मला वाटलं व्हतं, आपुन निघून जावं गुरुपमधून. फसवलं म्हनून. मंग इचार केला, ह्या वासात माझा जलम गेला आन् म्या त्याला कधी नाव देऊन बघितलं न्हाई. तुमी 'कसा, कसा' करून मागं लागल्या तवा रताळं सापडलं. ते तर खोटं न्हाई ना."

तिथेच, भट्टीची धडधड मागे चालू असताना, मी मोबाइल तोंडाशी धरला. मी नेहमी लिहीत असे; त्या दिवशी बोलले. आजचा वास: कुरुंद्यात शिजलेली हळद. आधी उंदराच्या बिळातली माती, मग उकडलेले रताळे, मग ओला कापूर. हे नाक माझ्याशेजारी बसलेल्या बाईंचे आहे. माझे नाक ग्रुप निघाला त्याच्या आधीच्या तापापासून बंद आहे. माझ्या आजवरच्या सगळ्या नोंदी आठवणीतल्या होत्या. नियम मी केला, आणि तो सर्वांत जास्त वेळा मी मोडला.

परतीच्या एसटीत वसमत मागे पडेपर्यंत मी पर्स उघडली नाही. उघडली तेव्हा चार जण ग्रुप सोडून गेले होते. त्यातले एक ग्रामसेवक. जाण्यापूर्वी त्यांनी एक ओळ लिहिली होती: "मी एका नोंदीखाली 'ही खरी नोंद' असे लिहिले होते. ते मागे घेतो." पुढच्या आठवड्यात मी त्यांना फोन केला. ते आदबीने बोलले, माझ्या कॉलेजातल्या मुलांच्या परीक्षांची चौकशी केली, आणि परत आले नाहीत. मला त्यांचा राग आला नाही. माझा नियम त्यांना माझ्यापेक्षा मोलाचा वाटला होता. असा माणूस ग्रुपला इतके दिवस लाभला, हे माझे भाग्यच. आता गुलाब मीच काढते, पण त्यांच्यासारखी जरब मला येत नाही.

धाबेवाल्या भाऊंचा आवाज मी कानाशी घट्ट धरून ऐकला. "म्हंजी जिला वास येत न्हाई तिनं वासाचा गुरुप काढला," ते म्हणत होते, आणि मागे कुणीतरी दोन तंदुरी मागत होते. "बराबर हाय की. पोट भरलेला मानूस धाबा कशाला हुडकील? मॅडम, नाक बँकेत ठेवलं का म्हनलो व्हतो, त्ये माफ करा. आन् उद्या लसणाचा सांगतो. आता सांगता येतो मला." एका परिचारिकेने, जिच्या मेणबत्त्यांच्या नोंदी सर्वांना आवडत, मला एकटीलाच लिहिले: "मॅडम, मलाही त्या तापापासून अर्धाच येतो. उरलेला आई सांगते. मला वाटायचं, कळलं तर तुम्ही काढून टाकाल." मी तिला लिहिले की तू आणि मी एकाच भीतीने एकमेकींपासून लपलो होतो. तेव्हापासून नोंदीच्या शेवटी नाक कुणाचे, तेही सांगायची पद्धत पडली आहे. कुणी म्हणते, नाक माझं. कुणी म्हणते, नाक आईचं.

त्या गुरुवारी घरी पोचले तेव्हा दिवेलागण झाली होती. सासूबाई ओट्यावर डाळ निवडत बसल्या होत्या. मी फाटकाची कडी काढली, तोच त्यांनी मान वर केली.

"अगं, तिथंच थांब. समदी हळद अंगावर घेऊन आलीस."

"येतोय का वास?"

"येतोय का म्हनं. गल्लीच्या तोंडापासून येऊन राहिला."

तीन वर्षे दोनशे माणसांना विचारलेला प्रश्न मी घरात कधी विचारला नव्हता. फाटकाशी उभी राहूनच मी म्हणाले, "कसा येतोय, आत्याबाई?"

"हळदीचा येतो. अजून कसा यील?"

"पण कसा?"

त्यांनी सूप बाजूला ठेवले. गुडघ्यावर हात टेकून उठल्या, माझ्यापर्यंत आल्या, माझा पदर मुठीत धरून नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

"लग्नघरावानी," त्या म्हणाल्या. "पाव्हनं निघून गेल्यावर घर असतंय ना, तसा. पसारा तसाच पडलेला, आन् समदे दमून निजलेले."

मग पदर सोडून त्या वळल्या. "चल, न्हाऊन घे आता. पानी तापलेलं हाय."

"थोड्या वेळाने," मी म्हणाले, आणि त्यांच्याशेजारी ओट्यावर बसून डाळ निवडू लागले.